पायाचा वाफा

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पहिलं भांडण मी नर्सशी केलं. म्हटलं, "बाई, उजव्या पायावर काय ठेवलंय ते काढा, अंगठा चेपतोय." तिने चादर जरा वर केली आणि पुन्हा होती तशी सोडली. "काढलं नाहीत तुम्ही," मी म्हटलं, "अजून चेपतोय." ती बिचारी डॉक्टरांना बोलवायला गेली. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, पण बाहेर व्हरांड्यात सगळे ते काम एकमेकांवर ढकलत होते. उजवा पाय गुडघ्याखाली वीतभरावर संपला होता. अंगठा मात्र त्याच्या पुढे, पलंगाच्या कडेशी, माझा तो नेहमीचा अंगठा, चेपत होता.

पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला. राहुरीहून अस्तराचं कापड आणि दोऱ्याची रिळं घेऊन मी स्कूटीवर गावाकडे निघाले होते. कारखाने सुरू झालेले, रस्त्याला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. असा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या अंगाला कापत येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तो वळला तेव्हा मी आतल्या अंगाला होते, एवढंच. यावर माझा पुष्कळ विचार करून झालाय आणि त्यातून काही निघत नाही.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, तिथे पायमशीन आहे, आणि लग्नापासून तिचं पायडल मी उजव्या पायानेच मारत आले. नगरच्या त्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या माझा नसलेला पाय ते पायडल मारत असायचा. त्याचं मला काही नव्हतं, उलट गंमत वाटायची. पण पायडल थांबलं की दुखणं सुरू. ट्रॉलीखाली गेला त्या क्षणी पायाची बोटं चपलेत मुडपली होती, ती तशीच मुडपलेली राहिली होती. ती मला सरळ करता येत नव्हती. मुडपलेल्या मुठीत नखं रुतावीत तशी ती तळव्यात रुतायची, मग पोटरीपर्यंत कळ जायची, त्या पोटरीपर्यंत, जी नव्हतीच. कधी आग, कधी विजेचा झटका, कधी नुसती खाज. खाज सगळ्यात वाईट. दुखण्यावर ओरडता तरी येतं, पण जिथे हवा आहे तिथे खाजवायचं कसं?

डॉक्टर भले होते. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, की पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शिल्लक असते, आणि तिकडून काही खबर येईना म्हणून मेंदू आरडाओरडा करतो. मला ते पटलं. रेंज गेली की मोबाईल टॉवर शोधत राहतो आणि शोधून शोधून स्वतःच तापतो, तसं काहीतरी. पटलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं! गोळ्यांनी दुखणं लांब जायचं आणि सोबत मीही लांब जायचे. समोरचं माणूस काय बोलतंय ते विहिरीतून ऐकल्यासारखं यायचं.

घरी आले तर भेटायला येणाऱ्यांची रीघ. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणं हा मान असतो, आणि आलेल्याने काहीतरी सांगून जाणं हे कर्तव्य. पाय गेला याचं सगळ्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. पण मी "पाय दुखतो" म्हटलं की चेहरा बदलायचा. "कंचा? डावा?" "नाही, उजवा." मग त्या चादरीच्या सपाट भागाकडे बघायच्या, मग माझ्याकडे, मग चहाच्या कपाकडे. एकीने तर निघताना दारात माझ्या जाऊबाईला हळू विचारलं, "डोक्याला मार लागला हुता का गं?" हळू म्हणजे आमच्या गावातलं हळू. मला आत ऐकू आलं, शेजारच्या म्हशीलाही आलं असेल.

जाऊबाई दीराबरोबर शेजारच्याच खोल्यांत राहतात. मनाने वाईट नाहीत. माझी भाकरी-भाजी, धुणं, सगळं त्यांच्यावर पडलं होतं आणि त्यांनी ते केलं. पण दुपारच्या वेळी मी कण्हायला लागले की त्यांच्या भांड्यांचा आवाज वाढायचा. एकदा बोलल्याच, "जखम भरली म्हनले ना डॉक्टर? मग आता काय दुखतंय?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण जळत होतं ते मलाच दाखवता येत नव्हतं. ताप आला तर हात लावून बघता येतो. सूज दिसते. माझं दुखणं म्हणजे नुसता माझा शब्द. पाय गेल्यापेक्षा मला त्याचं भय जास्त होतं, की उद्या या घरात माझ्या शब्दाला कुणी विचारणार नाही. आज दुखण्यावर विश्वास नाही, उद्या कशावरच नसेल. हळूहळू मी "दुखतंय" म्हणणंच कमी केलं. उशीचा कोपरा दातात धरायचे.

विश्वास ठेवला तो एका माणसाने, आणि तो माणूस म्हणजे माझी सासू. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आमचं आयुष्यभर पटलं नाही. भाकरी जाड होते इथपासून ते ब्लाउजचे गळे मोठे शिवते इथपर्यंत त्यांना माझं सगळं खटकलेलं. पण मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर "पाय दुखतो" म्हटलं, तेव्हा त्यांनी "कंचा" विचारलं नाही. "दुखनारच," म्हणाल्या, "मातीत हाय ना त्यो. एकटा पडलाय."

कारण पाय मातीत होता. हे मला नंतर कळलं. पाय कापावा लागणार असं समजल्यावर आत्याबाईंनी मुलाला बजावून पाठवलं होतं, की आपल्या माणसाच्या अंगाचा तुकडा कुठल्या कचऱ्यात जाता कामा नये, त्याला माती द्यायची. आणि मालकांनी तसं केलं होतं. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्याकडे रीत आहे. कसला मालक, आईपुढे ब्र काढत नाही, पण शब्द तोंडात बसलाय. तर मालक पिकअपमधून पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आले. उघडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले. मळ्यात उगवतीच्या कोपऱ्यात, बांधाच्या आत, त्यांनी स्वतः खड्डा घेतला. आत्याबाईंनी वरूनच हळदकुंकू वाहिलं, मूठभर ज्वारी टाकली. सवाष्णीचा पाय म्हणून खण घातला म्हणे, माझ्याच दुकानातला. हे मला आत्याबाईंनी इतक्या कौतुकाने सांगितलं, की जणू माझ्या पायाचं लग्न लावून दिलं. मी हसू की रडू अशा अवस्थेत होते. खण चांगला होता, ते आठवलं.

मग त्यांची चौकशी सुरू झाली. मुलाला रोज विचारायच्या, "नीट ठिवला हुता ना? बोटं मुडपली न्हवती ना?" मालक जेवता जेवता मान खाली घालून म्हणायचे, "व्हय, सरळच हुता." "मग ही म्हनती मुडपल्यात." "आता मी काय सांगू आये." आणि ताटावरून उठायचे. मला वाटायचं, माझ्या पायाचा विषय जेवताना निघाला की त्यांना घास गोड लागत नाही. तेही माणूसच.

हॉस्पिटलातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला आरशाची युक्ती सांगितली होती. दोन्ही पायांच्या मधे आरसा असा धरायचा की डाव्या पायाचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसावं, आणि आरशात बघत बोटं हलवायची. गिऱ्हाइकांना ब्लाउज घालून बघायचा आरसा दुकानात होताच, तो मी पलंगावर आडवा लावला. पहिल्यांदा दोन पाय दिसले तेव्हा हुंदकाच आला. मग डाव्या पायाची बोटं हळूहळू पसरली, आणि आरशातल्या उजव्याचीही पसरली, आणि आत कुठेतरी गाठ सैल झाल्यासारखं झालं. थोडाच वेळ. पण झालं. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "मनाला फसवायची इद्या हाय ही," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या वेळेला स्वतः आरसा पुसून ठेवायला लागल्या.

थंडीच्या दिवसांत मात्र नवीनच सुरू झालं. एके दिवशी भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, तो पाय गार पडला. साधा गार नाही, पाटात पाय सोडून बसावं तसा घोट्यापर्यंत गारठून बधिर. मी गोधडी टाकून बसले. आता गोधडी कुठे टाकणार? उरलेल्या पायाच्या खुंटावर टाकली. दात वाजत होते. आत्याबाईंनी विचारलं, मी सांगितलं. त्या तडक उठल्या आणि मालक घरी आल्याबरोबर अंगणातच त्यांना धरलं, "आज पानी कुठं हुतं?"

"मळ्यात. पाटाचं आवर्तन सुटलंय ना, कांद्याला दिलं."

"कंच्या कोपऱ्याला?"

मालकांनी दुसरीकडे बघत सांगितलं, "उगवतीच्या."

झालं. आत्याबाईंना सगळा हिशोब लागला. पायाच्या डोक्यावर पाणी सोडलं, मग पोरीला गार लागणार नाही तर काय होईल? त्यांनी मुलाला तिथेच हुकूम सोडला, त्या वाफ्याला आजपासून पाणी बंद. मालक "बरं" म्हणाले. जाऊबाई पदरात तोंड खुपसून आत पळाल्या.

मला त्या दिवशी फार राग आला. आत्याबाईंचा नाही. त्यांचा तर मला आधार वाटत होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी जरा खडूस होती इतकंच. राग आला तो मालकांचा. बारावी सायन्स झालेला माणूस, डॉक्टर मेंदूचं सांगत होते तेव्हा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. त्याने आईला समजवायचं सोडून "बरं" म्हणावं? त्याच्या जिभेवर "बरं" हाच एक शब्द आहे. आईला बरं, बायकोला बरं, ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयला बरं. तोंडदेखलं म्हणाले असतील आणि पाणी देतच असतील, अशी मी समजूत करून घेतली. आणि याचंच मला खोलवर दुखलं. म्हणजे यांनाही माझं म्हणणं आईच्या खुळासारखंच एक खूळ वाटत असणार. हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. माझ्या दुखण्याबद्दल ते कधी काही बोललेही नव्हते. औषधं आणायचे, मशीनला मोटर बसवून आणली, संडासात धरायला पाइप लावला. पण "दुखतंय का" असं विचारलं नाही. एकदाही.

पुढे रबरी पाय आला. तो घालून चालायला शिकणं हे वेगळं रामायण आहे, ते इथे नको. त्याने एक झालं, खुंटावर भार पडायला लागला तसा आतला आरडाओरडा कमी झाला. पूर्ण गेला नाही. गार लागणं तर बरंच कमी झालं. आत्याबाईंच्या मते पाणी तोडल्यामुळे, माझ्या मते थंडी सरल्यामुळे. आम्ही वाद घातला नाही. मशीनवर बसायला लागले, गिऱ्हाईक परत आलं. पहिल्या पहिल्यांदा बायका माझ्या पायाकडे बघायच्या, मग गळ्याच्या डिझाइनकडे बघायला लागल्या.

मळ्यात मी गेले ती पुढच्या हिवाळ्यात. मळा पाटाच्या पलीकडे, वाट खाचखळग्यांची, म्हणून तोवर धीर झाला नव्हता. आवर्तन सुटलं होतं, मालक सकाळपासून दारं धरायला गेले होते. एका वाफ्यात पाणी भरलं की खोऱ्याने तिथलं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं, हे काम माणसाला जागचं हलू देत नाही. त्यांची भाकरी पोचवायला जाऊबाई निघाल्या होत्या. "आणा इकडे, मी नेते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "जा. तुझा पायाचा वाफाबी बघून ये."

"कसला पायाचा वाफा?"

"आता घ्या! सगळा गाव त्याला पायाचा वाफा म्हनतो, अन् हिला म्हाईत न्हाई."

काठी टेकत, बांध धरत गेले. लांबूनच दिसलं. सगळा मळा कांद्याच्या पातीने हिरवागार, आणि उगवतीच्या कोपऱ्यात एका खोलीएवढा तुकडा पांढरा पडलेला. भेगाळलेली माती, कडेला थोडं वाळलेलं गवत. पाणी नेणारा ओला दंड त्याच्या अगदी जवळून जात होता आणि त्या बाजूचं तोंड मातीने पक्कं लिंपलेलं होतं. एका दिवसात असं होत नाही. एका आवर्तनातही होत नाही. आत्याबाई एरवी मळ्यात येत नाहीत, विचारायला कुणी नाही, तरी या माणसाने तिथे थेंब पडू दिला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. काठी टाकली आणि मालकांना म्हटलं, "ते खोरं इकडे द्या."

"कशाला?"

"पाणी देते मी त्या वाफ्याला. गावात शोभा झालीय माझी. आत्याबाईंचं मी समजू शकते, पण तुम्ही? शिकलेला माणूस, जमीन पडीक ठेवलीत? मातीतल्या पायाला पाणी लागून मला गार वाटतं, हे खरं वाटतं तुम्हाला?"

"न्हाई वाटत," मालक म्हणाले.

"मग?"

त्यांनी खोरं बांधावर रोवलं. पाणी पुढच्या वाफ्यात भरत होतं तिकडे बघत राहिले. आमचे मालक बोलायचं असलं की दुसरीकडे बघतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी थांबले.

"तिथं पाय न्हाईच," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मला बोलवलं हुतं दवाखान्यात. पिशवी दाखवली. नेनार का म्हनले. मी बघितलं..." इथे त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ पायाने पाण्यात लोटलं. "तुझीच नखं. नेलपॉलिश लावलेली. न्हाई झालं मला. मी म्हनलं तुमीच काय ते करा, अन् भाईर आलो. मग आता आईला काय सांगायचं? येताना एका केळीच्या बागेत थांबलो, बुंधा मागून घेतला. मांजरपाट घेतलं. पाय किती जड असतो ते तरी कुठं म्हाईत हुतं, अंदाजानं तोडला."

केळीचा बुंधा. माझ्या आत्याबाईंनी केळीच्या बुंध्याला हळदकुंकू वाहून खण घातला होता. मला हसू आलं, खरंच आलं. म्हटलं, "बरं, मुळाचा गड्डा नव्हता घातला. नाहीतर आतापर्यंत घड लागला असता." तेही हसले, पण तोंड अजून तिकडेच होतं. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलंच नाही.

"अहो, पण मग पाणी का तोडलंत? आत्याबाईंना नव्हतं माहीत. तुम्हाला तर पक्कं माहीत होतं ना, की तिथे पाय नाही?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुलाबी म्हाईत हुतं पाय न्हाई," ते म्हणाले. "तरी दुखायचाच ना?"

मी बांधावर खाली बसले. रबरी पाय घालून असं एकदम बसता येत नाही, पडलेच म्हणा. आणि रडले. ऑपरेशननंतर कितीतरी वेळा रडले होते, पण ते दुखण्याने, नाहीतर संतापाने. हे वेगळं होतं. या माणसाने मला "दुखतंय का" असं कधी विचारलं नव्हतं, कारण त्याला ते विचारायची गरजच वाटली नव्हती. मी एकदा सांगितलं होतं आणि त्याच्यापुरतं ते तेवढ्यात भागलं होतं.

ते शेजारी येऊन बसले नाहीत. वाफा भरून पाणी बांधावरून फुटायला आलं होतं, ते तोंड बुजवायला धावले. चिखलाचे हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसत परत आले आणि उभे राहिले.

"आता दुखतोय?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच.

"दुखतोय," मी म्हटलं. "त्या वाफ्याला पाणी सोडा. माझं होईल ते होईल."

"आज न्हाई," ते म्हणाले. "दुखायचा थांबल्यावर बघू."